मानव्यविद्येतली पीएचडी, वर्षागणिक: कोणत्या वर्षी कोणता कागद हाती हवा

महाराष्ट्रातल्या विद्यापीठात मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान किंवा संस्कृत अशा विषयात पीएचडी करायला निघालेल्यांसाठी हा लेख आहे. एम.ए. झालंय, विषय डोक्यात घोळतोय, पण पेट, आरएसी, आरआरसी ही आद्याक्षरं ऐकून गोंधळ उडतोय, अशी अवस्था असेल तर इथून सुरुवात करा.

सगळीकडे पाया एकच आहे: विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, नोव्हेंबर २०२२चे पीएचडीविषयक विनियम. त्यावर प्रत्येक विद्यापीठ आपापली परिपत्रकं काढतं. यूजीसीचे विनियम आणि तुमच्या विद्यापीठाचं चालू परिपत्रक, दोन्हींच्या पीडीएफ आजच उतरवून घ्या आणि पेन घेऊन वाचा. विभागातले सीनियर जे नियम तोंडी सांगतात ते बरेचदा आधीच्या, २०१६च्या विनियमांतले असतात. तेव्हा एम.फिल. होतं, आता ते बंद झालं आहे. तेव्हा प्रबंधाआधी शोधनिबंध छापून आणण्याची अट यूजीसीनेच घातली होती, आता ती विद्यापीठाच्या मर्जीवर आहे.

मुदत किमान ३ वर्षं आणि कमाल ६ वर्षं. ती प्रवेशाच्या तारखेपासून मोजतात, कोर्सवर्क, म्हणजे सुरुवातीचा वर्गातला अभ्यासक्रम, तोही त्यातच येतो. विषय मंजूर व्हायला आठ महिने लागले तर ते याच सहा वर्षांतून जातात. पीएचडी रखडते ती लिहिता येत नाही म्हणून, असं सर्रास समजतात. बहुतेक वेळा कारण वेगळं असतं: ज्या वर्षी जो कागद तयार व्हायला हवा होता तो झाला नाही आणि पुढच्या वर्षावर ढकलला गेला. खालची मांडणी याच हिशेबाने केली आहे. काम पाच वर्षांचं, सहावं वर्ष राखीव.

१. प्रवेशाआधीचे सहा महिने

पात्रतेसाठी एम.ए.ला किमान ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रिमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्के सवलत आहे. चार वर्षांची पदवी घेतलेल्यांना ७५ टक्के असतील तर एम.ए.शिवायही दार उघडं आहे, पण मानव्यविद्येत घाई करू नका. एम.ए.ची दोन वर्षं वाचनाची असतात आणि ती कसर पुढे भरून निघत नाही.

प्रवेशाच्या वाटा दोन: नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा, आणि पेट, म्हणजे विद्यापीठाची स्वतःची पीएचडी प्रवेश परीक्षा. जून २०२४पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो. पहिल्या गटाला जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, मिळते, दुसरा गट सहायक प्राध्यापकपद आणि पीएचडी प्रवेश या दोन्हींसाठी पात्र ठरतो, तिसरा फक्त पीएचडी प्रवेशासाठी. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाच्या गुणांना प्रवेशात ७० टक्के वजन असतं आणि मुलाखतीला ३०. हे गुण एक वर्षच चालतात. त्या वर्षी तुमच्या विषयाच्या जागा निघाल्या नाहीत तर पुन्हा परीक्षा. पेटमध्ये निम्मी प्रश्नपत्रिका विषयाची आणि निम्मी संशोधनपद्धतीची असते. साहित्याचे विद्यार्थी नेमके या दुसऱ्या निम्म्यात मार खातात, कारण नमुना निवड, चल, गृहीतक हे शब्द एम.ए.ला कधी कानावरून गेलेले नसतात. महिनाभर तेवढंच करा.

मग गाईड. प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात. रिक्त जागांची यादी विद्यापीठ लावतं. ती पाहूनच भेटायला जा, नाहीतर दोन तास गप्पा होतात आणि शेवटी कळतं की जागाच नाही. भेटीत या गोष्टी विचारा, संकोच न करता:

– निवृत्ती कधी आहे? सेवेची तीनपेक्षा कमी वर्षं राहिली असतील तर नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. पण चार वर्षं राहिली असतील तरी तुमचा प्रबंध त्यांच्या निवृत्तीनंतर पूर्ण होणार. निवृत्तीनंतर त्यांना सहमार्गदर्शक म्हणून राहता येतं, तेही वयाच्या सत्तरीपर्यंत. मुख्य मार्गदर्शक दुसरा शोधावा लागेल.
– आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली? उत्तर गाईडकडून घ्या आणि त्या विद्यार्थ्यांकडूनही.
– प्रकरण लिहून दिल्यावर साधारण किती दिवसांत वाचून परत मिळतं?
– संशोधन केंद्र कोणतं? विद्यापीठाचा विभाग की मान्यताप्राप्त महाविद्यालय? केंद्राचं ग्रंथालय स्वतः जाऊन पाहा.

फार नावाजलेले आणि फार व्यग्र गाईड नवख्याला बहुधा मानवत नाहीत. वेळेवर वाचून देणारा, जरा कमी प्रसिद्ध माणूस बरा.

प्रवेशाला लागणारी कागदपत्रं:

– दहावीपासून एम.ए.पर्यंतच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्रं
– नेट, सेट (राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) किंवा पेटचा निकाल
– जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर (मुदत पाहा, इथेच अर्ज अडकतात)
– दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन आणि पात्रता प्रमाणपत्र
– शिक्षणात खंड असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
– नाव बदललं असेल तर राजपत्र
– नोकरी असेल तर मालकाचं ना-हरकत पत्र

अर्धवेळ पीएचडी करणाऱ्यांनी ना-हरकत पत्राच्या मजकुराकडे नीट बघावं. ‘आमची हरकत नाही’ एवढं पुरत नाही. अर्धवेळ संशोधनाची परवानगी आहे, कामातून पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळं करू, हे तिन्ही मुद्दे लेखी हवेत.

२. पैशाचं आधी पाहा

जेआरएफ पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे वरिष्ठ अधिछात्रवृत्ती, म्हणजे एसआरएफ, म्हणून ४२,००० रुपये, हे दर १ जानेवारी २०२३पासूनचे. शिवाय नियमानुसार घरभाडे आणि आकस्मिक खर्चाची रक्कम मिळते. एकूण मुदत पाच वर्षं. दोन वर्षांनी एसआरएफ आपोआप होत नाही, समितीसमोर कामाचं मूल्यमापन होतं. ती बैठक लावून घेण्यासाठी तुम्हालाच पाठपुरावा करावा लागतो.

जेआरएफ नसेल तर राज्याच्या संस्था आहेत: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गांसाठी महाज्योती, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी टीआरटीआय. जागा आणि निकष जाहिरातीगणिक बदलतात, म्हणून मागच्या वर्षीच्या जाहिरातीवर विसंबू नका. इतिहासवाल्यांनी भारतीय इतिहास अनुसंधान परिषद आणि तत्त्वज्ञानवाल्यांनी भारतीय दार्शनिक अनुसंधान परिषद पाहावी.

अधिछात्रवृत्ती कोणतीही असो, हप्ते उशिरा येतात. सहा महिन्यांचा खर्च हाताशी नसेल तर भाड्याची खोली घेण्याआधी विचार करा.

३. पहिलं वर्ष: कोर्सवर्क आणि विषयाची मंजुरी

कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं. त्यात संशोधन आणि प्रकाशन नीतीचा २ क्रेडिटचा भाग सक्तीचा आहे. किमान ५५ टक्के मिळवावे लागतात. अवघड काही नाही, फक्त हजेरी सांभाळा आणि असाइनमेंट आपल्याच विषयावर लिहा. पूर्वसंशोधनाच्या आढाव्याची असाइनमेंट नीट केलीत तर पहिल्या प्रकरणाचा निम्मा कच्चा खर्डा पदरात पडतो.

या वर्षाचं खरं काम विषय बारीक करणं हे आहे. एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. ‘मराठी नियतकालिके आणि स्त्रिया’ हा विषय नव्हे, हा आयुष्यभराचा उद्योग आहे. त्याला चार चाळण्या लावा: कोणतं साहित्य, कोणता काळ, कोणता लेखनप्रकार, कोणता प्रश्न. ‘स्त्री’ मासिक १९३० साली किर्लोस्करवाडीहून निघालं. ‘१९३० ते १९५० या काळातील ‘स्त्री’ मासिकातील वाचकपत्रे’ इथपर्यंत आलात तर तीन चाळण्या झाल्या. चौथी उरते: या पत्रांतून काय शोधायचं आहे? शिक्षण, नोकरी की विवाहाचं वय? ते ठरत नाही तोवर सिनॉप्सिस, म्हणजे समितीला द्यायचा संशोधनाचा आराखडा, लिहायला बसू नका.

आता आकडेमोड. वर्षाला १२ अंक धरले तर वीस वर्षांचे २४०. नोंदी घेत एका दिवसात दोन अंक नीट वाचून होतात. ग्रंथालयात आठवड्याला चार दिवस बसलात तर ३० आठवडे लागतील. हे जमण्यासारखं आहे. पण यात दुसरं मासिक तुलनेला घेतलंत तर ६० आठवडे होतात, आणि ‘तुलनात्मक’ हा शब्द शीर्षकात नुसता शोभेला घातलेला असला तरी परीक्षक त्याचा हिशेब मागतात.

त्याआधी एक तक्ता करा: कोणत्या वर्षाचे कोणते अंक कुठल्या ग्रंथालयात आहेत आणि कोणत्या अवस्थेत. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, विद्यापीठाचं ग्रंथालय, जिल्ह्यातलं एखादं जुनं नगर वाचनालय, सगळीकडे स्वतः जाऊन पाहा. सूचीत अंक आहे आणि कपाटात नाही, हा अनुभव नवा नाही. सलग चार वर्षांचे अंक कुठेच नसतील तर काळ बदला. आत्ता बदलणं फुकट आहे, मंजुरीनंतर त्यासाठी अर्ज, समिती आणि काही महिने लागतात.

विषयावर आधी काम झालंय का हे शोधगंगावर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, पाहाल, पण एकाच प्रकारे शोधू नका. मराठी प्रबंधांची शीर्षकं तिथे कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत, कधी थेट इंग्रजी भाषांतरात नोंदलेली असतात. तिन्ही प्रकारे शोधा. जुने बरेच प्रबंध तिथे नाहीतच, त्यासाठी विद्यापीठांच्या ग्रंथालयांतला प्रबंध विभाग गाठावा लागतो.

सिनॉप्सिस साधारण १२ ते १५ पानांचा. त्यात विषयाची ओळख, पूर्वसंशोधनाचा आढावा, त्यातली उणीव, संशोधनप्रश्न, उद्दिष्टे, गृहीतके, व्याप्ती आणि मर्यादा, पद्धती, प्रकरणांची रूपरेषा, संदर्भसूची. समितीत तो कुठे अडतो?

उद्दिष्टांत. ‘अभ्यास करणे’, ‘आढावा घेणे’, ‘शोध घेणे’ अशी एकाच अर्थाची पाच वाक्यं असतात. तीनच लिहा, पण प्रत्येकातून एकेक प्रकरण निघालं पाहिजे.

गृहीतकात. ‘‘स्त्री’ मासिकाचे योगदान महत्त्वपूर्ण आहे’ हे गृहीतक नव्हे, ते खोटं ठरूच शकत नाही. ‘१९४० नंतरच्या वाचकपत्रांत नोकरीचा विषय आधीच्या दशकापेक्षा अधिक वेळा येतो’ हे चालेल, कारण अंक उघडून ते तपासता येतं आणि चुकीचंही निघू शकतं.

आणि शीर्षकात. मंजूर झालेलं शीर्षक शेवटपर्यंत अक्षरशः तेच राहतं. ‘एक चिकित्सक अभ्यास’ हे शेपूट लावायची सक्ती कोणीही केलेली नाही.

विषयाला मंजुरी आधी संशोधन सल्लागार समिती (आरएसी) आणि मग बहुतेक विद्यापीठांत संशोधन व मान्यता समिती (आरआरसी) देते. आरआरसीच्या बैठका ठरावीक काळाने होतात, एक हुकली की पुढची केव्हा लागेल ते विद्यापीठाच्या हातात. तारीख कळल्यापासून उलटं मोजा आणि गाईडच्या हाती खर्डा किमान दीड महिना आधी द्या.

वर्षअखेर हाती हवं: कोर्सवर्कची गुणपत्रिका, मंजुरीचं पत्र, अंकांचा तक्ता.

४. दुसरं वर्ष: साधनं गोळा करणं

दर सहामाहीला आरएसीसमोर सादरीकरण आणि लेखी प्रगती अहवाल द्यावा लागतो. हा नियम सगळ्या वर्षांना लागू आहे, पण विसर पडतो तो दुसऱ्या वर्षी, कारण विद्यार्थी बाहेरगावी असतो. प्रबंध सादर करताना सगळे अहवाल एकत्र मागतात. मागच्या तारखेचे अहवाल तयार करायची वेळ कुणावर येऊ नये. प्रत्येक अहवालाची सहीची प्रत स्कॅन करून ठेवा.

पुराभिलेखागारात काम असेल तर राज्याची कार्यालयं मुंबई, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथे आहेत. सोबत गाईडचं पत्र, विद्यापीठाचं ओळखपत्र, आधारची प्रत आणि विषय मंजुरीचं पत्र न्या. अर्जात विषय आणि काळ नेमका लिहा, ‘मराठ्यांचा इतिहास’ लिहिलंत तर कोणता रुमाल, म्हणजे कागदांचं गाठोडं, काढायचा हे कर्मचाऱ्यांना कळणार कसं? पहिल्या दिवशी कागद हाती येईल अशी आशा ठेवू नका. तो दिवस याद्या आणि रजिस्टरं वाचण्यात घालवा. फोटो काढता येतील का, प्रतींचा दर काय, परवानगी कोण देतं, हे आधी विचारा. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ, तमिळनाडूत तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय इथे हस्तलिखितं आणि मोडी कागद आहेत. कोकण किंवा गोव्याशी संबंध असेल तर पणजीचा पुराभिलेख विभाग पाहावाच लागतो, आणि तिथे पोर्तुगीज येत नसेल तर निम्मं काम बंद.

मोडीची तयारी या वर्षी सुरू करणं म्हणजे उशीर झाला. वर्ग दहा-पंधरा दिवसांचे असतात, त्यात अक्षरओळख होते. धावत्या हातचा अठराव्या शतकातला कागद वाचता यायला रोजचा सराव करून सहा-आठ महिने लागतात. म्हणून मोडी पहिल्याच वर्षी, कोर्सवर्कच्या जोडीने.

तारखांच्या गफलती फार होतात. जुन्या पुस्तकांवर शके असतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण साधारण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या मजकुराला ७९ मिळवायचे. शके १८१२ म्हणजे १८९०-९१, नुसतं १८९० नव्हे. पेशवाईच्या कागदांत सुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००, आणि दख्खनी फसली असेल तर ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात, महिना पाहून. नोंदीत मूळ तारीख आणि रूपांतरित तारीख दोन्ही लिहा. फक्त रूपांतरित लिहिलीत तर चूक झाल्यावर मागे जायचा रस्ता राहत नाही.

नोंदी कार्डावर घ्या, वहीत घ्या किंवा झोटेरोसारख्या संदर्भ सांभाळणाऱ्या संगणक प्रणालीत. फरक पडत नाही, पण प्रत्येक नोंदीत या गोष्टी हव्यातच: लेखक, शीर्षक, प्रकाशक, गाव, साल, हाती असलेली आवृत्ती आणि पहिल्या आवृत्तीचं साल, पान, आणि पुस्तक कुठल्या ग्रंथालयात पाहिलं तो दाखल क्रमांक. मूळ उतारा अवतरणचिन्हात आणि स्वतःचा शेरा वेगळ्या रंगात. दोन वर्षांनी नोंदवही उघडाल तेव्हा कोणतं वाक्य लेखकाचं आणि कोणतं तुमचं हे ओळखू येणार नाही. वाङ्मयचौर्याच्या कितीतरी प्रकरणांचं मूळ अशा वहीत असतं, लबाडीत नव्हे.

मराठी ग्रंथांच्या शोधासाठी शंकर गणेश दाते यांची सूची अजून कामाची आहे. १८०० ते १९३७पर्यंतची मराठी पुस्तकं विषयवार तिच्या पहिल्या खंडात सापडतात. संगणकावर काहीच मिळालं नाही म्हणून ‘या विषयावर लेखन झालेले नाही’ असं लिहू नका, आधी दाते सूची उघडा.

मुलाखती घेणार असाल तर संमतिपत्र मराठीत छापून न्या: कशासाठी, ध्वनिमुद्रण होणार का, नाव छापायचं का, नको असेल तो भाग वगळता येईल का. सही आधी घ्या. एका तासाच्या ध्वनिमुद्रणाचं शब्दांकन करायला पाच-सहा तास जातात, म्हणून २० मुलाखती म्हणजे नुसतं लिहून काढायला महिनाभर.

वर्षअखेर हाती हवं: किमान ७० टक्के साधनं नोंदलेली, दोन प्रगती अहवाल आणि एका प्रकरणाची २० कच्ची पानं. शेवटची गोष्ट कुणी मागत नाही, म्हणून ती होत नाही.

५. तिसरं वर्ष: लिहायला बसणं

पहिल्या प्रकरणापासून सुरू करू नका. प्रस्तावना शेवटी नीट लिहिता येते, आत्ता लिहिलीत तर दोन वर्षांनी फाडावी लागेल. ज्या प्रकरणाची साधनं सर्वांत भरली आहेत तिथून सुरुवात करा. सहा प्रकरणं, प्रत्येकी ३५ ते ५० पानं असं धरलं तर एका प्रकरणाचा पहिला खर्डा तीन महिन्यांत व्हायला हवा. गाईडला देताना छापून द्या, खाली तारीख लिहा, आणि सोबत तीन प्रश्न लिहून द्या ज्यांवर तुम्हाला मत हवंय. नुसतं प्रकरण दिलंत तर ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा होऊन परत येतं.

मराठी प्रबंधांत एक दोष फार दिसतो. सैद्धांतिक प्रकरणात पाश्चात्त्य विचारवंतांच्या व्याख्या ओळीने येतात आणि पुढच्या चार प्रकरणांत त्यांचं नाव कुठेच नसतं. जी संकल्पना पुढे वापरणार नाही ती काढून टाका. प्रकरण १५ पानांचं उरलं तरी चालेल.

शोधनिबंधाचं काय? यूजीसीची सक्ती गेली, तरी विद्यापीठ मागत असेल तर द्यावाच लागतो. इथे सापळा मोठा आहे. यूजीसी-केअर, म्हणजे यूजीसीने मान्य केलेल्या नियतकालिकांची यादी, फेब्रुवारी २०२५मध्ये बंद झाली. आजही कुणी ‘केअर लिस्टेड’ म्हणून दोन-तीन हजारांत आठवड्याभरात छापून देत असेल तर समजून जा. आयएसएसएन हा नियतकालिकाचा फक्त नोंदणी क्रमांक आहे, दर्जाची हमी नव्हे. तपासा: संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, लेख परीक्षणाला जातो का, परीक्षकाचे शेरे येतात का, मागचे अंक ग्रंथालयात आहेत का. शोधनिबंधाची मराठी कशी असते हे पाहायला ‘नवभारत’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’ किंवा ‘भाषा आणि जीवन’चे जुने अंक चाळा. कोर्सवर्कच्या पुस्तकांपेक्षा जास्त शिकाल.

लिहून देणाऱ्या एजन्सींबद्दल एवढंच: व्हायवात, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेत, दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं.

वर्षअखेर हाती हवं: तीन प्रकरणांचे खर्डे, गाईडच्या शेऱ्यांसह.

६. चौथं वर्ष: पूर्ण खर्डा, टंकलेखन, साम्यतपासणी

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो तो विचारात नव्हे, फॉन्टमध्ये.

प्रबंध पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण फाइलीच्या आत रोमन अक्षरांचा कचरा असतो. साम्यतपासणीच्या, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचललाय का ते पाहणाऱ्या, प्रणालीला तो वाचता येत नाही आणि प्रबंध परत येतो. मग घाईने रूपांतर करतात. त्यात रफार भलत्या अक्षरावर जातो, ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षराला चिकटते, जोडाक्षरं फुटतात. ३०० पानांच्या अशा फाइलीचं मुद्रितशोधन म्हणजे दोन महिने गेले. टंकलेखकाकडे देणार असाल तर ‘युनिकोड’ एवढं सांगून थांबू नका, पाच पानं करून घ्या आणि आपल्या फोनवर उघडून पाहा. अक्षरं नीट दिसली, त्यातला शब्द शोधल्यावर सापडला, तरच पुढचं काम द्या.

युनिकोडमध्येही खोड्या आहेत. ‘दुसऱ्या’मधला ऱ्या दोन-तीन प्रकारे टाइप होतो, ‘ॲ’ही दोन प्रकारे. दिसायला सारखे, पण शोधल्यावर एक सापडतो आणि दुसरा नाही. सुरुवातीलाच एक पद्धत ठरवा आणि शेवटी शोधा-बदला चालवा. संदर्भसूची आपोआप अकारविल्हे लावलीत तर क्ष आणि ज्ञ हे क आणि ज मध्ये जाऊन बसतात, मराठी कोशांत मात्र ते बरेचदा शेवटी असतात. कोणतंही चालेल, पण सूचीभर एकच. झोटेरोच्या बहुतेक तयार शैली इंग्रजी संक्षेप टाकतात, ‘संपा.’, ‘अनु.’, ‘पृ.’ शेवटी हाताने करावे लागतात. त्यासाठी आठवडा राखून ठेवा.

साम्याचे यूजीसीचे नियम २०१८चे आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. १० ते ४० असेल तर ठरवून दिलेल्या, जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत दुरुस्त करून पुन्हा द्यायचा. ४० ते ६० असेल तर एक वर्ष सादर करता येत नाही. ६०च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. श्रेयासह दिलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, सर्वपरिचित संज्ञा आणि सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य यातून वगळतात. मूळ साहित्यातले लांब उतारे असलेल्या प्रबंधात अवतरणचिन्हं नीट नसली की टक्केवारी उगाच चढते. म्हणून उताऱ्यांना चिन्हं सलग आणि सारखी लावा, आणि ग्रंथपालांकडून एकदा अनौपचारिक तपासणी करून मिळते का ते विचारा. स्वतःचा छापलेला शोधनिबंधही साम्यात दाखवला जातो, त्याचा उल्लेख तळटीपेत करा.

आणखी एक: साम्य कमी आलं म्हणजे चौर्य नाही असं सिद्ध होत नाही. जुनी मराठी पुस्तकं प्रणालीत नसतातच. ती वाचलेला परीक्षक मात्र असतो.

७. पाचवं वर्ष: प्री-सबमिशन ते व्हायवा

प्रबंध देण्याआधी आरएसीसमोर सादरीकरण होतं, त्याला इतर प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थीही बसतात. सुचवलेले बदल लेखी मागून घ्या आणि प्रत्येकापुढे पानाचा क्रमांक घालून ‘केला’ किंवा ‘का केला नाही’ अशी यादी जोडा. परीक्षकांच्या नावांची यादी याच सुमारास विद्यापीठाकडे जाते. ती वेळेत गेली का ते विचारत राहा, प्रबंध महिनोन्‌महिने पडून राहतो तो बहुधा इथे.

सादर करताना लागणारं साहित्य:

– ठरलेल्या संख्येने छापील प्रती आणि एकसंध पीडीएफ
– विद्यार्थ्याचं प्रतिज्ञापत्र, गाईडचं प्रमाणपत्र
– साम्यतपासणीचा सहीचा अहवाल
– कोर्सवर्कची गुणपत्रिका, सगळे सहामाही अहवाल
– प्री-सबमिशनचं इतिवृत्त
– विद्यापीठ मागत असेल तर शोधनिबंध
– ग्रंथालय, वसतिगृह आणि लेखा विभागाचे ना-देय दाखले, शुल्काच्या पावत्या

बांधणीचा रंग, समास आणि ओळींतलं अंतर हे परिपत्रकात असतं. मित्राचा प्रबंध पाहून करू नका. शीर्षक मंजुरीच्या पत्रात जसं आहे तसंच, स्वल्पविरामासकट.

प्रबंध गाईडशिवाय किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो. एकाने नाकारला तर तिसऱ्याकडे पाठवतात, त्यानेही नाकारला तर प्रबंध नामंजूर. दुरुस्त्या सुचवल्या तर त्या करून पुन्हा द्यायचा. सादर केल्यापासून सहा महिन्यांत ही सगळी प्रक्रिया पुरी व्हावी असं विनियम सांगतात. लेखी अर्ज करताना हे कलम जरूर उद्धृत करा.

व्हायवातले प्रश्न परीक्षकांच्या अहवालांवरून निघतात, म्हणून अहवाल आधी वाचायला मागा. सादरीकरण वीस मिनिटांचं ठेवा: दोन मिनिटं विषय, तीन पद्धत, बारा निष्कर्ष, तीन मर्यादा. नवखे पंधरा मिनिटं प्रस्तावनेतच अडकतात. हमखास येणारे प्रश्न: हाच काळ का? तुमचं नवं काय? अमुक पुस्तक का घेतलं नाही? अमुक पानावरचं विधान कशाच्या आधारे? शेवटच्या प्रश्नासाठी प्रबंधाची खुणांच्या पट्ट्या लावलेली प्रत हाताशी ठेवा. ‘हे मी पाहिलेलं नाही’ असं उत्तर चालतं, गोलमाल उत्तर चालत नाही.

८. मुदत संपत आली तर

सहा वर्षं पुरली नाहीत तर पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात, म्हणजे एकूण ८. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन, एकूण १०. शिवाय स्त्रियांना प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. लग्नामुळे किंवा इतर कारणाने गाव सोडावं लागलं तर संशोधन दुसऱ्या विद्यापीठात नेण्याची तरतूदही आहे. पुष्कळ जणी ती माहीत नसल्याने नोंदणी सोडून देतात.

मुदतवाढ हक्काची नसते, ती मागावी लागते आणि मुदत संपण्याआधीच. अर्ज तीन-चार महिने आधी द्या, सोबत पूर्ण झालेली प्रकरणं आणि उरलेल्या कामाचं महिनावार वेळापत्रक जोडा. प्रगती असमाधानकारक ठरली आणि समितीने सुचवलेले उपायही केले नाहीत तर समिती नोंदणी रद्द करण्याची शिफारसही करू शकते. म्हणून काम थांबलेलं असलं तरी अहवाल थांबवू नका. काय अडलंय ते त्यात लेखी आणा: गाईडची दीर्घ रजा, बंद असलेलं दप्तर, आजारपण. अर्जाच्या वेळी हेच कागद पुरावा म्हणून लागतात.

व्हायवानंतर निकालाची अधिसूचना निघते. तिच्यात नाव, विषय आणि शीर्षक त्याच दिवशी तपासा, दुरुस्ती पदवी छापण्याआधी सोपी असते. प्रबंधाची पीडीएफ शोधगंगासाठी विद्यापीठ पाठवतं, तिथे ती युनिकोडमध्ये आणि शोधता येईल अशी चढली का ते दोन-तीन महिन्यांनी स्वतः उघडून पाहा. तात्पुरतं प्रमाणपत्र लगेच मागून घ्या, आणि पदवी २०२२च्या विनियमांनुसार दिली असल्याचा उल्लेख त्यात असल्याची खात्री करा. प्राध्यापकभरतीच्या छाननीत हीच ओळ शोधतात.